आभारपत्र लिहिण्याचा हक्क कोणाला? रंगमंचावरची बाई, नवऱ्याचा मृत्यू आणि जात



गेल्या हिवाळ्यात पुलगावजवळच्या एका वस्तीत आम्ही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. वारलेला माणूस तबला आणि ढोलकी वाजवायचा. त्याची बायको (हा शब्द पुढे वादाचा ठरणार आहे, म्हणून आताच लक्षात ठेवा) वीसेक वर्षे झाडीपट्टीच्या नाटकांत कामे करीत आली. दिवाळीनंतर मंडया आणि शंकरपट सुरू झाले की वडसा गाठायचे, कंपनीच्या गाडीत बसायचे, रात्रभर नाटक आणि दिवसभर प्रवास. होळी झाली की परत वर्धा जिल्ह्यात. मग शिवणकाम, निंदण, कापूस वेचणी, जे मिळेल ते.

भंतेजींनी परित्राणपाठ घेतला, वंदना झाली, जेवणे झाली. माणसे पांगल्यावर तिने आम्हाला बाजूला घेतले. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहा. मले एक चिठ्ठी लिहून द्या. जे जे आले, ज्यायनं फोन केले, वडशावरून पैसे धाडले, त्यायले आभाराची चिठ्ठी. झेराक्स काढून वाटतो म्हन्तो मी."

आम्ही कागद घेतला. "माझे पती" एवढे लिहिले आणि तिने हात धरला. "पती लिवू नका. लोकं हासतीन." त्या माणसाची लग्नाची बायको गावाकडे होती. ही एकोणीस वर्षे त्याच्याबरोबर राहिली, त्याच्या शेवटच्या आजारपणात तिनेच त्याचे हगणे-मुतणे काढले. आता तिच्यापुढे दोन प्रश्न होते. वारलेल्या माणसाला काय म्हणायचे? आणि पत्राखाली नाव कोणते टाकायचे? आधार कार्डावर माहेरचे आडनाव, नाटकाच्या पोस्टरवर कंपनीने दिलेले नाव, आणि मनात त्याचे आडनाव.

त्या रात्री घरी येताना आमच्या डोक्यात एकच विचार फिरत होता. आभारपत्र ही साधी गोष्ट दिसते. 'आमच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत' असे वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापून येते, आपण पान उलटतो. पण ते पत्र लिहिण्यासाठी आधी काय काय असावे लागते? मेलेला माणूस तुमचा कोण, हे समाजाने मान्य केलेले असावे लागते. सांत्वन करायला लोक यावे लागतात. तुम्हाला आडनाव लागते, पत्ता लागतो, अक्षर लागते. म्हणजे शोक करण्याच्याही आधी शोक करण्याचा दर्जा लागतो. या देशात दर्जा म्हटला की जात आली, आणि बाई म्हटली की ती दुप्पट आली.

आपल्याकडे मृत्यूच्या पत्राची एक जुनी रीत होती. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमनच्या हातात ते कार्ड दिसले की घरात रडारड सुरू व्हायची, वाचून झाले की ते फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही. त्यामुळे सामान्य माणसाच्या दुःखाची कागदपत्रे उरलीच नाहीत. उरली ती मोठ्यांची. आमच्या वर्धा जिल्ह्याचेच पाहा. 11 फेब्रुवारी 1942 रोजी जमनालाल बजाज वर्ध्याला वारले. गांधीजींनी त्यांच्या मित्रांना पत्रे पाठवून बोलावून घेतले, अपुरी कामे वाटून दिली, त्यावर लेख लिहिले, ते सगळे ग्रंथांत छापलेले आहे. जानकीदेवींनी आपली मालमत्ता गोसेवेच्या कामाला दिली, पुढे 'मेरी जीवन यात्रा' हे आत्मकथन केले, 1956 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. जमनालालजींनी 1928 साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, ही गोष्ट शाळेच्या सहलीत प्रत्येक पोराला सांगितली जाते. जानकीदेवींच्या दुःखाबद्दल आम्हाला आदर आहे. पण ज्यांच्यासाठी ते मंदिर उघडले त्यांच्या घरात त्याच वर्षी किती बाया विधवा झाल्या आणि त्यांना काय वाटले, याचा एक कागद कोणत्या संग्रहालयात आहे? सेवाग्रामच्या रस्त्यावर पाट्या खूप आहेत, त्यांत ही पाटी नाही.

आपल्या चळवळीकडे मात्र असे एक पत्र आहे. राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी शिष्टाचाराचा आव आणलेला नाही. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असे म्हणणे ढोंग होईल, असे ते सांगतात. चार लेकरे पुरली, हेही सांगतात. ज्या माणसाला पुढच्याच वर्षी महाडला उभे राहायचे होते त्याने आपले मोडून पडणे असे उघड लिहून ठेवले. अस्पृश्याच्या घरातले दुःखही कागदावर उतरवण्याच्या लायकीचे आहे, हे त्या पत्राने सिद्ध केले. पण त्या पत्रात रमाईचे दुःख आहे ते बाबासाहेबांच्या लेखणीतून. रमाईची स्वतःची चिठ्ठी आपल्याकडे नाही. 27 मे 1935 ला ती गेली, आणि पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीला अर्पण केला.

आता रंगमंचाकडे येऊ. मराठी रंगभूमीवर नवरा गमावलेल्या बाईची पहिली मोठी नोंद कमलाबाई गोखले यांची आहे. जन्म 1900. आई दुर्गाबाई कामत. नवऱ्याचे घर सोडून, मुलगी कडेवर घेऊन नाटक कंपनीत आलेली ब्राह्मण बाई, आणि त्यासाठी जातीने वाळीत टाकलेली. 1913 साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आई पार्वती झाली आणि मुलगी मोहिनी. त्या काळी पुरुषच लुगडी नेसून नायिका व्हायचे. कमलाबाईंचे लग्न गायक नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले. पंचविशीच्या सुमारास नवरा वारला, पदरात तीन मुलगे. चंद्रकांत गोखले त्यांतलेच, विक्रम गोखले हे नातू.

पंचविशीतल्या ब्राह्मण विधवेला त्या काळात काय वाट्याला यायचे हे वाचकांना सांगायला नको. कपाळ पांढरे, अंगावर अलवण, घराचा मागचा दरवाजा. कमलाबाई मात्र नाटकात कामे करीत राहिल्या, कारण तीन पोरांचे पोट होते. नायिकेची भूमिका म्हणजे कुंकू लावावे लागणार, हिरव्या बांगड्या भराव्या लागणार, प्रेक्षकांसमोर कुणाची तरी सुवासिनी व्हावे लागणार. जी गोष्ट घरात पाप ती रंगमंचावर पगाराची. जातीने आधीच बाहेर काढलेली बाई होती म्हणूनच तिला हे करता आले, असे आम्हाला वाटते. वाळीत टाकण्याचा हा एक फायदा. ज्याने वाळीत टाकले त्याचे नियम तुमच्यावर चालत नाहीत.

याच रंगभूमीने पुरुषाच्या शोकाचे काय केले तेही बघा. 12 मार्च 1911, 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. शंभर वर्षे झाली, ही कथा अजून डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते. कलानिष्ठा म्हणतात तिला. ती निष्ठा खरीच आहे, आम्ही नाकारत नाही. पण विठाबाई नारायणगावकरांबद्दल सांगितले जाते की तमाशा चालू असताना त्या कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर गेल्या. ही कथा सांगताना माणसांच्या आवाजात काय असते? कौतुक असते, आणि त्यात एक चघळणे असते. बालगंधर्वांच्या कथेत बापाचे दुःख दिसते, विठाबाईंच्या कथेत बाईचे शरीर दिसते. विठाबाईंना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. जानेवारी 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटच्या दिवसांतल्या हलाखीच्या बातम्या पेपरात होत्या.

हा फरक कुठून येतो? एम.ए.ला असताना आम्ही बाबासाहेबांचा 1916 चा कोलंबियातला निबंध वाचला, भारतातील जातींवरचा. तोपर्यंत आम्हाला वाटायचे की जात म्हणजे पाणवठा, देऊळ, विटाळ. त्या निबंधात जातीचा उगम शोधताना बाबासाहेब थेट विधवेपाशी पोहोचतात. जात टिकवायची तर लग्ने जातीतच व्हायला हवीत. जातीत बाया आणि पुरुष यांचा हिशेब जुळायला हवा. नवरा मेला की बायको शिल्लक उरते, ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या दुसरीचा वाटा घेईल, म्हणून तिची व्यवस्था लावावी लागते. जाळा, म्हणजे सती. नाहीतर जिवंतपणी निकामी करा, म्हणजे सक्तीचे वैधव्य. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराने हे 1916 साली लिहिले. विधवेच्या पांढऱ्या कपाळावर जातीची सीमारेषा काढलेली असते, हे त्याच्याआधी इतक्या स्पष्टपणे कुणी मांडले नव्हते.

त्याच्याही आधी विदर्भातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेचे, जिला भ्रूणहत्येसाठी शिक्षा झाली. ताराबाई मराठा-सत्यशोधक घरातल्या. त्यांनी शास्त्रकारांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आणि फुले दाम्पत्याने तर 1863 सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांच्या बाळंतपणाची सोय केली होती. म्हणजे विधवेचा प्रश्न हा ब्राह्मण सुधारकांनी हाती घेतला ही जी शालेय पुस्तकातली समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे.

आता इथे आम्हाला बाबासाहेबांच्या निबंधाच्या आधाराने एक पाऊल पुढे टाकायचे आहे. वरच्या जातीची शिल्लक बाई घरात बंद केली गेली. खालच्या जातींत पाट होता, मोहतर होते, विधवा पुन्हा संसार थाटू शकत होती. आणि पेशवाईत या पाटावरही 'पाटदाम' नावाचा कर बसवला होता. तुमच्या बायांच्या दुसऱ्या लग्नातून सरकारी तिजोरी भरायची, आणि त्याच लग्नावरून तुम्हाला हलके ठरवायचे. त्याच काळात बटकिणी विकल्या जात होत्या, नाटकशाळा ठेवल्या जात होत्या, लावणीच्या बैठका रंगत होत्या. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि तमाशावर जे लिहिले त्याचा गाभा हाच आहे: एका जातीच्या बाईची लैंगिकता पुसून टाकणे आणि दुसऱ्या जातीच्या बाईची चव्हाट्यावर आणणे, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एका घराची सोज्वळता दुसऱ्या वस्तीच्या बदनामीवर उभी असते. जिला मुळात बायको होऊच द्यायचे नाही, ती विधवा तरी कशी होणार?

तमाशाच्या फडात हे रोज दिसते. पवळा हिवरगावकर, संगमनेरजवळच्या हिवरगावची महार मुलगी, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून तिचे नाव घेतात. तिच्यासाठी रेठऱ्याचा श्रीधर कुलकर्णी जात सोडून पठ्ठे बापूराव झाला, हे आपल्याला मोठ्या रंगवून सांगतात. जात सोडणारा ब्राह्मण हा कथेचा नायक होतो. पवळेला मात्र जात सोडण्याची सोयच नव्हती, ती कथेत नेहमी 'सौंदर्य' म्हणून येते. 1939 साली ती गेली, बापूराव 1945 साली. तिच्या मृत्यूचा शोक बापूरावांनी केला असे मानले तरी तो प्रियकराचा शोक. विधुर म्हणून त्यांच्या दारात कोण बसायला गेले असेल?

कांताबाई सातारकरांची गोष्ट जवळच्या काळातली आहे. तुकाराम खेडकर आणि कांताबाई ही जोडी वगनाट्यात एवढी गाजली होती की गावोगावी बैलगाड्या जुंपून लोक यायचे. 1964 साली तुकाराम खेडकर गेले. फडाचा मालक मरतो तेव्हा नेमके काय होते, हे शहरातल्या वाचकाला कळत नाही म्हणून सांगतो. कनात, गाड्या, वाद्ये, पेट्या ही सगळी मालमत्ता, पण तिच्यावर सावकाराची उचल असते. कलाकारांना हंगामाआधी आगाऊ पैसे दिलेले असतात. नारायणगावच्या राहुट्यांत ज्या सुपाऱ्या ठरतात त्या मालकाच्या नावावर ठरतात. मालक गेला की नाव गेले, आणि कर्ज राहिले. अशा वेळी बोर्डावरच्या बाईला कुणी विचारत नाही की तुझे दुःख किती. विचारतात की आता कुणाच्या फडात जाणार. कांताबाईंनी 1969 साली स्वतःचा फड उभा केला, मुलगा रघुवीरला सोबत घेऊन तो नावारूपाला आणला, आणि मे 2021 मध्ये करोनाच्या लाटेत संगमनेरला त्या गेल्या. 1964 ते 1969 ही पाच वर्षे आमच्या मते मराठी रंगभूमीच्या इतिहासातला एक स्वतंत्र अध्याय आहे. आभारपत्र लिहायला सवड न मिळालेल्या बाईने फड काढला, हेच तिचे उत्तर.

आणि पाटीवरच्या नावाचेही बघा. विठाबाईंच्या वडील-चुलत्यांच्या फडाचे नाव 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' असे होते. पाटीवरच जात. किर्लोस्कर कंपनीच्या पाटीवर कुणी 'ब्राह्मण' लिहिले होते काय?

आता आपल्याच घरात डोकवायला हवे, नाहीतर हा लेख फक्त दुसऱ्यांवर बोट दाखवणारा होईल. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या प्रयोगांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. महार बायांना नाचवून मिळालेला पैसा आम्हाला नको, ही त्यामागची भूमिका. जून 1936 मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर बोलताना बाबासाहेबांनी हा धंदा सोडा असे स्पष्ट सांगितले. आम्ही या भूमिकेच्या बाजूने आहोत. ज्या काळात आपल्या बायांचे शरीर हीच आपली जातीय ओळख केली गेली होती, त्या काळात 'नाही' म्हणणे हे क्रांतिकारकच होते. शैलजा पाईक यांनी 2022 च्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या ग्रंथात अश्लील आणि मनुस्की या दोन शब्दांमधली ही ओढाताण उलगडली आहे. मनुस्की मिळवण्यासाठी समाजाने तमाशा टाकला, पण तमाशातल्या बाईला टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? बाबासाहेबांनी धंदा सोडा म्हटले होते, त्या बाया सोडा असे म्हटले नव्हते. तो हॉल त्यांच्यासाठीच तर भरला होता.

भीमराव कर्डकांनी उभे केलेले आंबेडकरी जलसे पाहा. गण-गवळण काढली, बाईचा नाच काढला, बाईची पात्रे पुरुषांनी केली. एक जलसा म्हणजे आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा असे बाबासाहेब मानत, असे आपण अभिमानाने सांगतो. पण नाच काढताना बाईच बोर्डावरून गेली. तिला गाणे होते, बोलणे होते, ते घेऊन तिला जलशात उभे करता आले असते. ते झाले नाही. म्हणून आज भीमजयंतीला गाणारी बाई आपल्याला चालते आणि झाडीपट्टीत नाटक करणारी बाई कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसली की कुजबुज होते. ही कुजबुज आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, विहाराच्याच अंगणात.

दुसरे उदाहरण रंगमंचावरचे नाही, पण विधवेचेच आहे, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. 6 डिसेंबर 1956. लाखो लोक पोरके झाले, सगळ्या देशाने शोक केला. माईसाहेबांच्या, म्हणजे डॉ. सविता आंबेडकरांच्या वाट्याला सांत्वन किती आले आणि संशय किती आला? सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचाच निष्कर्ष निघाला. तरी कितीतरी वर्षे ही बाई दिल्लीत एकटी राहिली. पुढे पँथरच्या पोरांनी तिला चळवळीत परत आणले. 14 एप्रिल 1990 ला बाबासाहेबांचे भारतरत्न तिने स्वीकारले, त्याच वर्षी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मकथन आले. आम्हाला ते पुस्तक चौतीस वर्षे उशिरा आलेल्या पत्रासारखे वाटते. जातीने ब्राह्मण म्हणून तिच्यावर संशय घेणे सोपे होते, पण ज्या माणसाने जातीचे मूळ विधवेच्या छळात शोधले त्याच्याच विधवेला आपण हे दिले. यावर काही मित्र रागावतील, रागवा. वाद करायला आम्ही तयार आहोत.

आपल्या बाजूने जमेच्या गोष्टीही आहेत. 20 जुलै 1942 ला नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व कायद्याने बंद करा, असे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी! त्या मांडवात बसलेल्या बाया गिरणीत, बिडी कारखान्यात, शेतात काम करणाऱ्या होत्या. 1956 च्या दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांनी श्राद्ध आणि पिंडदान काढून टाकले. त्यामुळे आपल्या घरात मृत्यूनंतर ब्राह्मण येत नाही. पण कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे गेले का? हेरवाड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, मग शासनाने परिपत्रक काढले. बातम्या झाल्या. आपल्या वस्त्यांत हे सत्तर वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते आणि आपल्याला त्याची लाज वाटायला हवी होती. आम्ही मागच्याच वर्षी एका बौद्ध घरात बांगड्या फोडताना थांबवायला गेलो, तर सासूनेच आम्हाला हाताला धरून बाहेर काढले.

कायद्याची एक गंमत आहे, कडू गंमत. 1955 च्या विवाह कायद्याने एका बायकोवर दुसरी करणे बेकायदा ठरले, तो बौद्धांनाही लागू आहे. 1956 च्या वारसा कायद्याने विधवेला पहिल्या वर्गातली वारस केले. हे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाचेच तुकडे, ज्यासाठी त्यांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. पहिल्या बायकोला यातून संरक्षण मिळाले, मिळायलाच हवे होते. पण पुरुषांनी दुसरी करायचे सोडले नाही, फक्त तिला बायको म्हणायचे सोडले. फडात, नाटक कंपनीत, ऑर्केस्ट्रात, आणि सांगायला वाईट वाटते पण आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातही. दुसरीच्या मुलांना कायदा औरस मानतो, दुसरीला काहीच मानत नाही.

पुलगावकडच्या त्या बाईला घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1500 रुपये मिळावेत म्हणून. विधवा म्हणून अर्ज करायचा तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि ती त्याची पत्नी असल्याचा पुरावा हवा. दाखल्यावर पत्नी म्हणून गावाकडच्या बाईचे नाव. समोरचा माणूस वाईट नव्हता, त्याने वाट काढून दिली. म्हणाला, पस्तीस वर्षांवरच्या अविवाहित बाईलाही या योजनेत बसवता येते, तुम्ही अविवाहित म्हणून अर्ज करा, लगेच होईल. नियमाने ते बरोबर होते. ती खुर्चीवरून उठली. "एकोनीस वर्स ज्याच्या संग राह्यलो, तो मेल्यावर मी कुवारी झालो का? नाई पायजे तुमचे पैसे." आणि चालू लागली. आम्ही तिला रस्त्यात गाठले, समजावले, पैशाचे महत्त्व सांगितले. ऐकले नाही.

आभाराची चिठ्ठी मात्र पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा तिच्या घरी बसलो. पती, मालक, यजमान सगळे शब्द तिने बाजूला सारले आणि म्हणाली, "साथीदार लिवा. तबल्यावर साथ त्यायचीच होती, घरात बी त्यायचीच." मग तिने नावे सांगायला सुरुवात केली. भंतेजी, वस्तीतली पोरे ज्यांनी तिरडी बांधली, शेजारची मुसलमान बाई जिने तीन दिवस चहा पुरवला, वडशाच्या दोन कंपन्या, हार्मोनियम वाजवणारा एक म्हातारा जो एसटीने आठ तास बसून आला आणि एक गाणे न वाजवता परत गेला. तिला एकही नाव विसरले नाही. एवढी माणसे तिच्या दारात आली होती, हे त्या नावांतूनच आम्हाला कळले. खाली सही कोणत्या नावाने, हे विचारल्यावर तिने थोडा वेळ घेतला आणि पोस्टरवरचे नाव लिहायला सांगितले. "त्याच नावानं वळखते मले सारे."

साठ प्रती काढल्या. एक प्रत त्याच्या गावी, पहिल्या बायकोच्या पत्त्यावर टाकायला तिनेच सांगितले. निराधारचा अर्ज आमच्या पिशवीत तसाच आहे, वैवाहिक स्थितीचा रकाना रिकामा ठेवून.